जुलैत टिकेल तेच जानेवारीत घ्या: मुंबईच्या घरासाठी आवराआवरीच्या सामानाची पारख

नवीन वर्ष लागलं की दुकानांच्या दर्शनी भागात पारदर्शक डबे, व्हॅक्यूमच्या पिशव्या, दारामागे टांगायचे कप्पे आणि चिकटवायचे हुक मांडलेले दिसतात. त्या दिवसांत सगळंच सामान चांगलं वाटतं, कारण जानेवारीत मुंबईची हवा कोरडी आणि गार असते. झाकण घट्ट बसतं, हुक भिंत सोडत नाही, पत्र्याला गंज नसतो. खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होते. म्हणून इथे प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला आहे: ही भर जुलैत काम देईल का? वन रूम किचन किंवा वन बीएचकेमध्ये जागाही कमी आणि ओलही जास्त, त्यामुळे हा प्रश्न तिथे सर्वांत महत्त्वाचा.

खरेदीआधीची दोन कामं. पहिलं म्हणजे नको असलेलं बाहेर काढणं, आणि ते डबे आणण्याच्या आधी. डबे आधी आणले की ते भरावेसे वाटतात आणि नको असलेल्या वस्तूही झाकणाखाली वर्षभर राहतात. रद्दी आताच द्या. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि रद्दीवालाही तो घेताना कुरकुर करतो. बंद पडलेले चार्जर, मिक्सर, वायरी भंगारात घालू नका, कारण तांबं काढण्यासाठी वायरी जाळल्या जातात. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. अंगावर घालण्याजोगे कपडे धुऊन, वाळवून 'गूंज'सारख्या संस्थेला देता येतात. आणि संक्रांत ते रथसप्तमीच्या हळदीकुंकवाचा हिशेब आधीच करा. वाणात आलेल्या डब्या, वाट्या, टोपल्या फेब्रुवारीपर्यंत एक अख्खा खण व्यापतात. एक लहान खण त्यांच्यासाठी मोकळा ठेवा आणि रथसप्तमी झाली की लगेच वाटून टाका.

दुसरं काम मोजण्याचं, आणि इथेच सर्वांत जास्त पैसे फुकट जातात. मुंबईतल्या बहुतेक घरांत अजून पत्र्याचं कपाट आहे. त्याचं नेहमीचं माप उंची ७८ इंच, रुंदी ३६ इंच आणि खोली १९ इंच. आतली खोली त्याहून थोडी कमीच भरते. बाजारातले कापडी कप्पे मात्र साधारण २४ इंच खोल वॉर्डरोबसाठी बनवलेले असतात. उदाहरणार्थ इकियाच्या 'स्कुब' मालिकेतली चेनची पेटी ४४ × ५५ × १९ सेंटीमीटरची. ५५ सेंटीमीटर म्हणजे पावणेबावीस इंचांच्या आसपास, तेव्हा ती पत्र्याच्या कपाटात सरळ ठेवली तर दार लागणार नाही. आडवी ठेवली, म्हणजे ४४ सेंटीमीटरची बाजू आत गेली, की बसते; पण मग एका फळीवर अशी एकच पेटी मावते आणि शेजारी सुमारे एक फूट जागा उरते. ती जागा कशाला वापरायची हे ठरलं असेल तरच पेटी घ्या. पेटीचा तळ जुन्या वर्तमानपत्रावर मापाने कापून तो कागद फळीवर अंथरा. दुकानात जाण्याआधी पाच मिनिटांत उत्तर मिळतं. माळ्याचंही तसंच. माळा आतून कितीही मोठा असो, डबा त्याच्या दारातून आत जायला हवा, तेही झाकण लावून आणि धरणाऱ्याच्या बोटांना जागा ठेवून. माप घेताना दाराची चौकट मोजा, भिंत ते भिंत नको.

आता डबे. या खरेदीत खरी पारख इथेच लागते. पारदर्शक डबा बहुधा दोन प्रकारच्या प्लास्टिकचा मिळतो आणि दुरून दोन्ही सारखेच दिसतात. तळाशी त्रिकोणात ५ लिहिलं असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनचा: किंचित दुधी, बोटाने दाबला तर वाकणारा, जास्त वाकवला तर पांढरी रेघ उमटेल पण तुटणार नाही. ६ लिहिलं असेल तर पॉलिस्टायरीन: काचेसारखा स्वच्छ, नखाने वाजवला तर टणटण आवाज करणारा आणि कोपऱ्यावर पडला तर तडकणारा. डांबराच्या काही गोळ्या ज्या पॅराडायक्लोरोबेन्झीनच्या असतात, त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडतं, चिकट होतं. कपड्यांसाठी ५ नंबरच घ्या. त्रिकोणच नसलेला, गडद रंगाचा आणि नाकाजवळ नेल्यावर जळकट वास येणारा डबा बागेच्या मातीसाठी ठीक. कपडे आणि धान्य यांसाठी नाही.

इकियाचं नवी मुंबईतलं दुकान डिसेंबर २०२० मध्ये तुर्भ्याला उघडलं. तिथले 'साम्ला' डबे पॉलिप्रॉपिलीनचे आहेत आणि मापाच्या बाबतीत फार शिस्तशीर. ११ लिटर आणि २२ लिटर या दोघांचा तळ एकच, ३९ × २८ सेंटीमीटर, फक्त उंची दुप्पट. ४५ आणि ६५ लिटर यांचाही तळ एकच, ५७ × ३९. त्यामुळे झाकणं अदलाबदल होतात आणि थर एकावर एक नीट बसतात. हा फायदा मोठा आहे, वर्षभरानंतर अजून दोन डबे घेतले तरी मांडणी बिघडत नाही. उणिवा दोन. झाकण वेगळं विकत घ्यावं लागतं, किमतीची पाटी बघताना हे विसरू नका. आणि झाकणाला रबर नाही, ते नुसतं वरून बसतं. म्हणजे धूळ थांबते, दमट हवा थांबत नाही. खेळणी, दिवाळीचे कंदील, गणपतीच्या सजावटीचं सामान यांना तेवढं पुरतं. लोकरीचे कपडे, कागदपत्रं, कॅमेरा यांना पुरत नाही.

त्यासाठी चारही बाजूंनी क्लिप आणि आत रबराची कड असलेला डबा लागतो. तो पारखायची रीत सोपी आहे. वर्तमानपत्राची बोटभर पट्टी कडेवर ठेवा, झाकण लावा, क्लिप बंद करा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर त्या जागी फट आहे. चारही बाजू आणि चारही कोपरे असेच बघा. फट बहुधा कोपऱ्यात सापडते, कारण रबराचा सांधा तिथे येतो. क्लिपची बिजागरी हा या डब्यांचा कमजोर भाग. जिथे क्लिप वेगळ्या तुकड्याची आणि खिळीवर फिरणारी असते ती टिकते. झाकणातूनच पातळ पट्टी काढून बनवलेली क्लिप रोजच्या उघडझापीत आधी पांढरी पडते, मग तुटते. असा डबा रोज उघडायचा नसेल तर मात्र तोही चालेल.

मोठ्या डब्याचा मोह आवरा. पुस्तकांनी गच्च भरलेला २२ लिटरचा डबा १५ किलोच्या घरात जातो. स्टुलावर उभं राहून तो माळ्यावर चढवणं धोक्याचं आहे. पुस्तकं ११ लिटरमध्ये, कपडे ४५ लिटरमध्ये, आणि उशा, रजया असं हलकं पण फुगणारं सामान ६५ लिटरमध्ये असं धरलं तर वजन हाताबाहेर जात नाही. चाकांचे डबे पलंगाखाली सोयीचे, पण चाकं नुसती खोबणीत दाबून बसवलेली असतील तर भरलेला डबा लादीच्या सांध्यावर अडकतो आणि चाक बाहेर येतं. आणि पुठ्ठ्याची खोकी, कितीही मजबूत असोत, माळ्यावर ठेवू नका. पुठ्ठा ओल धरतो, त्यातली खळ कसरीला खायला मिळते आणि पन्हाळीदार थरांत झुरळं अंडी घालतात.

व्हॅक्यूमच्या पिशव्यांबद्दल मत मिश्र आहे. जागा वाचते यात शंका नाही: दोन जाड ब्लँकेटं कपाटाच्या निम्म्या फळीवर येतात. पण वजन तेवढंच राहतं आणि पिशवी वेडीवाकडी, कडक होते, हे धरून चाला. पिशवी खुणेच्या रेघेपर्यंतच भरा, नाहीतर चेनवर ताण येऊन ती मधेच उघडते. चेनवरची प्लास्टिकची क्लिप दोन वेळा फिरवा, झडपेवर एखादं सूत किंवा केस नाही ना ते बघा, मग हवा काढा. दुसऱ्या दिवशी पिशवी फुगली तर ती परत करा. आत जाणारं कापड पूर्ण वाळलेलं हवं. जुलैत हाताला वाळलेलं वाटणारं ब्लँकेट आतून दमट असतं. ते हवाबंद केलं की आत बुरशी धरते आणि वास जात नाही. म्हणून पिशव्या भरायचं काम आताच करा, दोन दिवस कडक ऊन दाखवून. फोमच्या उशा महिनोन्महिने दाबून ठेवू नका, त्या पुन्हा फुगत नाहीत. चामडं आणि रेशीम या पिशव्यांत अजिबात नको.

रेशमाचा विषय निघालाच आहे तर पैठणीबद्दल. बाजारात मिळणारं साडीचं कव्हर बघा: मागची बाजू नॉन-वोव्हन कापडाची, पुढे प्लास्टिकची खिडकी. ही खिडकी पीव्हीसीची असते, उष्म्यात चिकट होते, आणि तिला टेकलेल्या घडीवर डाग पडू शकतो. मंगळदास मार्केटात न रंगवलेलं मलमल मीटरवर मिळतं. एका साडीला साधारण एक मीटर पुरतं. ते एकदा धुऊन खळ काढा, वाळवा आणि साडी त्यात गुंडाळा. जरीची बाजू आत ठेवून घडी घाला आणि दर तीन-चार महिन्यांनी घडीची जागा बदला, नाहीतर त्याच रेषेवर जर आणि रेशीम दोन्ही चिरतात. डांबराच्या गोळ्या जरीला थेट लागू देऊ नका. ठेवायच्याच तर पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत त्या मुळीच नकोत. ज्या बाळांत जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची कमतरता असते त्यांच्या रक्तपेशी या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात, आणि ही कमतरता घरच्यांना बहुधा माहीतच नसते.

ओल शोषणाऱ्या वस्तू दोन प्रकारच्या. कपाटात टांगायच्या पिशव्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं. ते भरपूर पाणी ओढतं, खालच्या कप्प्यात ते जमताना दिसतं, आणि मोठ्या बंद कपाटासाठी त्याहून परिणामकारक स्वस्त वस्तू नाही. पण ते पाणी खारं आणि गंज आणणारं असतं. पिशवी फुटली तर पत्र्याचं कपाट गंजेल, चामड्याचा पट्टा वाया जाईल. ती कपड्यांच्या मधोमध नको, एका टोकाला टांगा, आणि खालचा कप्पा भरला की काढा. एकदाच वापरायची वस्तू आहे. सिलिका जेल बंद डब्यासाठी. ४५ लिटरच्या घट्ट डब्यात साधारण १०० ग्रॅम ठेवा. निळे दाणे टाळा, त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं. नारिंगी घ्या, ओल पिऊन ते हिरवट होतात. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास ठेवले की पुन्हा नारिंगी होतात, म्हणजे वर्षानुवर्षं तेच दाणे चालतात. सैल झाकणाच्या डब्यात मात्र सिलिका जेल ठेवण्यात अर्थ नाही, ते काही दिवसांतच खोलीभरची ओल पिऊन थांबतं.

स्वयंपाकघरात प्लास्टिकपेक्षा स्टील बरं, आणि त्यासाठी पायधुनीजवळचा तांबाकाटा आणि भुलेश्वर हा भाग अजूनही पहिला. पण डब्याच्या नावापुढे किलो लिहिलेले असतात त्यावर जाऊ नका, लिटरवर जा. एक किलो तांदळाला सव्वा लिटर जागा लागते, एक किलो कणकेला जवळजवळ दोन लिटर. पाच किलो कणकेला दहा लिटरचा डबा हवा, पोह्यांना तर त्याहून सढळ. साठा संपण्याआधी नवीन ओतायची सवय असेल तर आणखी एक लिटर धरा.

भिंतीवरची मांडणी आणि ट्रॉलीच्या जाळ्या घेताना दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात: बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल. ही परीक्षा अपुरी आहे. स्टेनलेस स्टीलच्या चांगल्या, ३०४ ग्रेडला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण स्वस्त २०२ ग्रेडलाही चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत त्यावर आधी वेल्डिंगच्या जागी तपकिरी ठिपके येतात. जाळीच्या तारा जिथे एकमेकींना जोडल्या आहेत तिथे नजर टाका; जोड काळसर, खडबडीत राहिलेले असतील तर गंज तिथूनच सुरू होणार. धातू तपासायचं चाचणीचं द्रावण छोट्या बॅटरीसह मिळतं. थेंब टाकून बॅटरी टेकवल्यावर लालसर रंग आला तर मँगनीज जास्त, म्हणजे ३०४ नव्हे. दुकानदार चाचणीला तयार असेल आणि बिलावर '३०४' लिहून देत असेल तर जास्त पैसे मोजा. बेसिनच्या खाली आणि शेजारी ३०४ हवंच. वरच्या, कोरड्या कप्प्यात २०२ चालतं, तिथे उगाच खर्च करू नका.

भांड्यांनी भरलेली मांडणी सहज ३०-४० किलोंची होते, म्हणून तिचं खरं काम भिंत करते. नव्या टॉवरमधल्या आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या ब्लॉकच्या असतात आणि त्यांत स्क्रूसाठी भोकात ठोकायचा साधा प्लास्टिकचा गुल्ला काही महिन्यांत सैल होतो; हलक्या ब्लॉकसाठीचे वेगळे, लांब गुल्ले मागा. जुन्या चाळीत उलट अडचण, वरचा चुन्याचा गिलावा भुसभुशीत असतो, तेव्हा भोक गिलाव्यातून पुढे विटेपर्यंत गेलं पाहिजे. सुतार फक्त दीड इंची स्क्रू घेऊन आला असेल तर थांबवा.

चिकटवायचे हुक टाइल, काच, लॅमिनेट, ऑइल पेंट यांवर धरतात. चुना किंवा डिस्टेंपरवर नाही. तिथे हुक निघत नाही, रंगाचा पापुद्रा निघतो. जागा स्पिरिटने पुसा, साबणाने नको कारण साबणाचा थर राहतो, अर्धा मिनिट दाबून धरा आणि तासभर काही टांगू नका. पाकिटावर लिहिलेल्या वजनाच्या निम्मंच धरा. बाथरूममधला हुक पावसाळ्यात सुटणार हे गृहीत धरून त्याखाली काचेचं काही ठेवू नका.

दारामागचे कप्पे घेताना दोन मापं लागतात: दाराची जाडी आणि दार व चौकट यांमधली फट. फ्लश दार साधारण ३० ते ३५ मिलिमीटर जाड असतं, वरची फट दोन-तीन मिलिमीटरच. जाड पत्र्याचा आकडा तिथे घातला तर दार जानेवारीत कसंबसं लागतं आणि पावसाळ्यात लाकूड फुगलं की अडतं. मग चौकटीचा रंग खरवडतो. फट कमी असेल तर वरून अडकवायचा प्रकार सोडा आणि थेट दाराला स्क्रूने बसणारा घ्या.

चपलांचं रॅक पार्टिकल बोर्डचं नको. मुंबईत लादी रोज पुसली जाते; पाणी खालच्या कडेला लागतं आणि वर्षाच्या आत ती कड पावासारखी फुगते. लोखंडी नळ्यांचं, खाली रबरी बूट असलेलं घ्या. आणि ते घरातच ठेवा. जिन्यात किंवा पॅसेजमध्ये ठेवलेलं रॅक आगीच्या वेळी वाट अडवतं. सोसायटीने हटवायला सांगितलं तर तिचं बरोबर आहे.

स्टोरेजचा पलंग हायड्रॉलिक असेल तर गादीचं वजन दुकानात सांगा. त्यातले गॅसचे पंप ठरावीक वजनासाठी निवडलेले असतात. काथ्याची जड गादी काढून हलकी फोमची घातली की झाकण आपोआप वर येऊ लागतं; उलट केलं तर अर्ध्यावरून खाली येतं, आणि हात आत असताना ते फार वाईट. प्लाय कोणता ते विचारा: आयएस ३०३ या भारतीय मानकातला एमआर, म्हणजे थोडीफार ओल सोसणारा प्लाय कोरड्या खोलीला ठीक, पण पलंग बाथरूमच्या भिंतीला लागून असेल तर आयएस ७१० चा, पाण्यात टिकणारा मरीन प्लाय घ्या आणि भिंतीपासून तीन बोटं अंतर सोडा. तळाला हवेची भोकं नसतील तर सुताराकडून पाडून घ्या.

माळ्यावर किंवा गॅलरीत स्लॉटेड अँगलचं, म्हणजे ओळीने भोकं असलेल्या लोखंडी पट्ट्यांचं रॅक पैशाला सर्वांत चोख. नागदेवी स्ट्रीटला मापाने कापून मिळतं. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. अँगल १४ गेजचा आणि फळी २० गेजची मागा, फळी २२ ची दिली तर मधोमध आडवी पट्टी लावून घ्या. वरच्या आणि खालच्या फळीच्या चारही कोपऱ्यांत त्रिकोणी प्लेटा हव्यात. त्या वाचवल्या की रॅक डुलतं. कापलेली टोकं रंगाविना असतात, तिथे जागेवरच गंज रोखणारा रेड ऑक्साइडचा रंग मारून घ्या. आणि रॅक वरून भिंतीला एका बोल्टने जखडा.

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर डबे आणि टोपल्या डझनाने घेतल्या तर उपनगरातल्या दुकानांपेक्षा स्वस्त पडतात, पण तिथे बदलून मिळेलच असं नाही. म्हणून आधी एकच नग आणा, घरच्या फळीवर ठेवून बघा, कागदाच्या पट्टीची परीक्षा घ्या, मग उरलेले घ्या. रविवारी तिकडची बहुतेक घाऊक दुकानं बंद असतात. आठवड्यातल्या एखाद्या सकाळी जा, आणि फळ्यांची मापं सेंटीमीटर आणि इंच दोन्हीत लिहून खिशात ठेवा, कारण लोखंडाच्या दुकानात इंच चालतात आणि प्लास्टिकच्या डब्यावर सेंटीमीटर छापलेले असतात.